वीस की तीस

‘वीस’ आणि ‘तीस’ यांच्यात उच्चाराचं अंतर एका अक्षराचं, कॅलेंडरवरचं अंतर १० दिवसांचं, आणि आमच्या बाबतीत पुढे ते ६४ हजार रुपयांचं झालं. मराठीत वीस-तीस, हिंदीत बीस-तीस. ज्या कुणी या आकड्यांची बारशी केली, त्याला चालू छापखान्यात उभं राहून फोन घ्यायची वेळ कधी आली नसावी. महालातल्या आमच्या लहानशा छापखान्यात ऑफसेट मशीन सुरू असलं की माणसांचे शब्दही कागदासारखे त्याच्या रुळांतून जातात आणि थोडे पुसट होऊन बाहेर पडतात. दिवाळीनंतरच्या अशाच एका दुपारी इतवारीतल्या शेटजींचा फोन आला. ‘‘यंदा दोन हजार करा जी. वीस डिसेंबरच्या आत पायजे.’’ एका कानात बोट घालून आणि दुसऱ्या कानाला फोन दाबून मी जे ऐकलं ते होतं ‘तीस डिसेंबरच्या आत’. आणि मोठ्या खुशीत म्हणालो, ‘‘होऊन जाईल.’’ हे ‘होऊन जाईल’ आम्हां नागपूरकरांचं ब्रीदवाक्य आहे. त्यात कर्ता नाही, तारीख नाही, आणि म्हणून काळजीही नाही. झाडावरच्या संत्र्याला आपोआप रंग चढावा, तसं काम आपलं आपणच होत राहतं.

तीस तारखेला दुपारी कॅलेंडरांचा टेम्पो इतवारीत गेला आणि भरलेला तसाच परत आला. शेटजींचे विक्रीवाले एकवीस तारखेलाच उमरेड, काटोल, सावनेरच्या दुकानदारांकडे रिकाम्या हातांनी जाऊन आले होते. ‘‘दुकानात खिळा एकच असते भाऊ,’’ शेटजी फोनवर म्हणाले. ‘‘त्याच्यावर दुसऱ्याचं कॅलेंडर लागलं. आता याचे काय मी जिऱ्याचे पुडे बांधू?’’ वाक्य बिनतोड होतं, पण मीही तापलो होतो. दोन हजार कॅलेंडरं, प्रत्येकी ४२ रुपये, एकूण ८४ हजार. त्यातले २० हजार आगाऊ आलेले. बाकी मिळणार नाही आणि आगाऊ दिलेलेही परत करा, असं ते म्हणत होते. शिवाय हा माल दुसऱ्या कुणाला विकताही येणार नव्हता, कारण प्रत्येक पानाच्या डोक्यावर शेटजींच्या दुकानाचं नाव, गणपतीपेक्षा अंमळ मोठ्या टायपात, त्यांच्याच आग्रहावरून छापलेलं होतं. सव्वीस वर्षं हे नाव मी छापत आलो होतो. त्याच्या आधी वडिलांनी छापलं होतं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी पायरीपर्यंत जाण्याआधीच जिन्याची चौकशी सुरू केली. या शहरात ती फार सोपी आहे. नागपुरात ज्याच्या घरात वकील नाही त्याच्या शेजारी असतो, आणि शेजारीही नसेल तर ज्याची मुलगी वकिलाला दिली आहे असा कुणीतरी तर्री-पोह्याच्या गाडीवर बाजूला उभा असतोच. त्यातल्या प्रत्येकाने मला वेगळा वकील सुचवला आणि सल्ला मात्र एकच दिला: ‘‘सोडू नका.’’ दुसऱ्याने स्वतःच्या पैशाने भांडावं अशी माणसाला फार मनापासून इच्छा असते. शेवटी मी धरमपेठेतल्या एका वयस्क वकीलसाहेबांकडे गेलो, कारण त्यांची लेटरहेडं आम्हीच छापतो आणि ते प्रूफ स्वतः वाचतात. जो माणूस स्वतःच्या पत्त्यातला स्वल्पविराम तपासतो, तो माझी बाजू नीट मांडेल, असा माझा हिशोब होता.

त्यांच्या खोलीत चारही भिंतींना जाड पुस्तकांची तटबंदी होती. त्यात ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या खंडांची रांग पाहून मला छापखानेवाल्याचा सुप्त अभिमान वाटला. देशभरच्या न्यायालयांत ज्याचे दाखले दिले जातात, ते हे नियतकालिक १९१४ पासून चालू आहे आणि आमच्या नागपुरातून निघतं. तमाम हिंदुस्थानच्या भांडणांची शाई आमच्या गावात वाळते, हे काही कमी नाही. वकीलसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पंखा एकवर आणला आणि म्हणाले, ‘‘सांगा.’’ मी सांगू लागलो. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. माझं बोलणं एवढा वेळ न तोडता कुणी ऐकल्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. घरी मी तिसऱ्या वाक्याला असतो तेव्हा बाकीचे जेवायला बसलेले असतात. पंधरा-वीस मिनिटांनी माझा राग संपला आणि नुसती हकीकत उरली. तेव्हा मला कळलं की वकिलाची फी आपण त्याच्या बोलण्यासाठी देतो ही निव्वळ समजूत आहे. तिचा मोठा वाटा ऐकण्यापोटी जातो.

‘वकील’ या शब्दाचं जुनं घर पाहिलं तर त्यातही हेच सापडतं. अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आलेला हा शब्द आपल्याकडे आधी कोर्टात नव्हताच, दरबारात होता. वकील म्हणजे दूत, एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या कानापर्यंत सांडलवंड न करता नेणारा. आमच्याच भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित अठराव्या शतकात वॉरन हेस्टिंग्जकडे असत. नागपूर ते कलकत्ता एवढ्या वाटेने शब्द न्यायचे म्हणजे मातीच्या माठातून गंगा आणण्यासारखंच. महाल ते इतवारी हे अंतर सायकलवर पंधरा मिनिटांचं, आणि तेवढ्यात माझे दहा दिवस सांडले होते.

‘‘पण वकीलसाहेब,’’ मी धीर करून विचारलं, ‘‘लेखी तर काहीच नाही. नुसता फोन. मग करार झाला असं म्हणता तरी येईल का?’’ ते उठले, एक खंड काढला आणि जुन्या मित्राच्या पाठीवर ठेवावा तसा त्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘खामगावच्या ढेपेची गोष्ट माहीत आहे?’’ मला वाटलं, आता काही तरी पंचतंत्र निघणार. निघालं ते सर्वोच्च न्यायालयाचं निकालपत्र.

गोष्ट अशी. २२ जुलै १९५९ ला अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी फोनवर सरकीच्या ढेपेचा सौदा केला. अहमदाबादेतून विचारणा झाली, खामगावातून होकार गेला. पुढे माल पोचला नाही म्हणून अहमदाबादवाल्यांनी आपल्याच गावच्या कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगाववाले म्हणाले, आम्ही ‘हो’ म्हणालो ते खामगावात, तेव्हा करार झाला खामगावात. अहमदाबादच्या कोर्टाचा याच्याशी काय संबंध? आणि एवढ्या एका प्रश्नावर प्रकरण पायऱ्या चढत दिल्लीला गेलं. ‘हो’ हा शब्द नेमका कुठे घडतो? म्हणणाऱ्याच्या तोंडात की ऐकणाऱ्याच्या कानात? निकाल लागला ३० ऑगस्ट १९६५ ला. सहा वर्षं झाली होती, ढेपेचा वाद अजून मुळातून ऐकलाही गेला नव्हता. खटला कुठे ऐकायचा एवढंच ठरलं होतं. जी जनावरं ती ढेप खाणार होती, त्यांनी मधल्या काळात काय खाल्लं, याबद्दल निकालपत्र मौन बाळगून आहे.

गंमत म्हणजे आपला करार कायदा १८७२ चा आणि ग्रॅहम बेलने टेलिफोनचं पेटंट घेतलं १८७६ मध्ये. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टपालाची पेटी होती. पत्र पेटीत पडलं, हातातून सुटलं, की होकार पक्का. पण बोललेला शब्द कुठल्या पेटीत टाकायचा? तिघा न्यायमूर्तींपैकी दोघांनी सांगितलं की फोनवरचा करार समोरासमोरच्या बोलण्यासारखा धरायचा. होकार ज्याच्या कानावर पडतो, त्याच्या गावी करार होतो. म्हणजे अहमदाबाद. तिसऱ्यांनी मतभेद नोंदवला: कायद्याची भाषा आहे तशी वाचा; शब्द खामगावातून निघाला, तिथेच करार झाला. हे तिसरे म्हणजे न्यायमूर्ती हिदायतुल्ला, आमच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. १९३० पासून त्यांनी नागपुरात वकिली केली आणि १९५४ मध्ये ते इथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. वऱ्हाडातल्या ‘हो’ची बाजू घ्यायला दिल्लीत एक नागपूरकर बसलेला होता, हे ऐकून मला उगाचच भरून आलं.

परतताना मी मुद्दाम सिव्हिल लाइन्समधून गेलो. हेन्री मेड या वास्तुविशारदाने आखलेली, ६ जानेवारी १९४० ला उघडलेली उच्च न्यायालयाची ती वास्तू संध्याकाळच्या उन्हात संत्र्याच्या सालीसारखी दिसत होती. लोक तिला दगडातली कविता म्हणतात. १९५६ मध्ये राज्यांची वाटणी झाली, तिचं स्वतंत्र उच्च न्यायालयपण गेलं आणि ती मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ झाली. घर तेच राहिलं, आडनाव बदललं. तिच्या घुमटाकडे पाहताना मला वडिलांचा काळा, जड फोन आठवला. खामगावचा तो सौदा ज्या जमान्यात झाला, त्याच जमान्यातला. वडील ट्रंक कॉल आला की आधी मशीन बंद करवीत, मग उभे राहत, मग सदऱ्याचं वरचं बटण लावीत, आणि मगच रिसीव्हर उचलीत. पलीकडच्याला दिसत नाही हे ठाऊक असूनही. आम्ही भावंडं हसायचो. आज वाटतं, ते बटण त्या माणसासाठी नव्हतंच, त्याच्या शब्दासाठी होतं.

दुसऱ्या भेटीत वकीलसाहेबांनी माझ्या केसचा एक नवाच पैलू काढला. करार कायद्याचं तेरावं कलम म्हणतं की दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. या कसोटीवर गावातले किती संसार टिकतील, हा विचार माझ्या मनात चमकून गेला, पण मी गंभीर चेहरा ठेवला. त्यांनी १८६४ चा एक विलायती खटला सांगितला. मुंबईहून निघणाऱ्या ‘पियरलेस’ जहाजावरचा कापूस एकाने विकला, दुसऱ्याने घेतला. पण त्या नावाची जहाजं निघाली दोन. एक ऑक्टोबरात मुंबई सोडणारं, दुसरं डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात पहिलं, विकणाऱ्याच्या मनात दुसरं. खरेदीदाराने माल नाकारला आणि कोर्टाने त्याच्याच बाजूने कौल दिला. ‘‘तुमचंही तसंच,’’ वकीलसाहेब म्हणाले. ‘‘त्यांचं जहाज विसाला सुटलं, तुमचं तिसाला. उद्या कोर्ट म्हणू शकते की तुमच्यात करार झालाच नाही.’’

करार झालाच नाही! पैसे बुडाले असं त्यांनी सांगितलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. दरवर्षी दिवाळीच्या फराळाचा डबा अजून घरात असतानाच येणारा तो फोन, ‘करा जी’, ‘होऊन जाईल’, संक्रांतीला इतवारीहून येणारी पाव किलो तीळ-रेवडीची पुडी, वडील गेले तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून स्मशानात येऊन उभे राहिलेले शेटजी. आणि कायदा एका वाक्यात म्हणतो, तुमच्यात काही झालंच नाही. तरीही हट्टाला पेटून मी नोटीस पाठवायला सांगितलं. पुढे लागेल म्हणून वकीलपत्रावर सहीही केली. घाई नको, मुदत तीन वर्षांची आहे, असं ते म्हणत होते. म्हणजे अजून तीन कॅलेंडरं! त्यांनी हेही सांगितलं की दावा तीन लाखांच्या वर असता तर तो व्यावसायिक न्यायालयाकडे गेला असता, आणि तिथे तातडीचं कारण नसेल तर दावा लावण्याआधी दोन्ही बाजूंना मध्यस्थासमोर बसावंच लागतं. आमचं भांडण त्या मानाला पोचत नव्हतं. मोठ्यांना कायदा आधी समेट करायला लावतो, लहानांना ते आपापल्या अकलेवर सोडलेलं आहे.

नोटीस गेली, पोचपावती आली. मग त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. ते वाचताना मला पोळ्याच्या पाडव्याची मारबत आठवली. गावभरची इडापिडा, रोगराई तिच्या माथी लादून तिला वाजतगाजत हाकलतात ना, तसं त्या चार पानांत विलंब, हलगर्जी, बाजारातली पत, हातचं गिऱ्हाईक असं सगळं माझ्या माथी लादलेलं होतं. माझ्या नोटिशीत शेटजीही काही कमी काळे नव्हते. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तेव्हा वाटलं, ही दोन माणसं भयंकर आहेत, यांच्याशी आमची ओळख नको. आणि याच दिवसांत आमच्या स्वयंपाकघरात प्रतिवादीचं कॅलेंडर लटकत होतं. छापखान्यात एक हजार नऊशे नव्व्याण्णव पडून असताना घरासाठी दुसरं विकत कोण आणणार? बायको रोज सकाळी शेटजींच्या ठळक नावाखाली दुधाचा हिशोब मांडायची. सिलिंडर कधी लावला, मोलकरीण कधी आली नाही, चतुर्थी कधी, आणि एका चौकोनात बारीक अक्षरात: ‘वकील, ५ वाजता’.

फेब्रुवारीच्या अखेरीस वकीलसाहेबांनी विचारलं, ‘‘फोन आला तेव्हा कुठे लिहून ठेवलं होतं का?’’ ठेवलं होतं. फोनजवळच्या खिळ्याला ऑर्डरींचं पॅड लटकतं. मी ते विजयी मुद्रेने टेबलावर ठेवलं. त्यांनी पान उलटलं, चष्मा वर केला, खाली केला, मग टेबलाच्या खणातून भिंग काढलं. ‘‘हा दोन आहे का तीन आहे?’’

मी वाकून पाहिलं. माझंच अक्षर. ‘कॅले. २०००, डिसें.’ आणि पुढे शून्याआधी एक वळसेदार प्राणी. दोन म्हणावा तर पोटात किंचित खोच होती, तीन म्हणावा तर ती खोच शाईच्या ठिपक्यासारखीच दिसत होती. जन्मभर लोकांची अक्षरं लावली, आणि माझा आकडा मलाच लागेना. कारकुनाला बोलावलं. तो म्हणाला, ‘‘दोन वाटते. नाही, थांबा साहेब, तीन. नाही जी, दोनच.’’ पंखा फिरत होता. कदाचित मी वीसच ऐकलं होतं, वीसच लिहिलं होतं आणि चार दिवसांनी तीस वाचलं होतं. बिचारं मशीन उगाच बदनाम झालं होतं.

‘‘वकील म्हणून सांगू का भाऊ म्हणून सांगू?’’ वकीलसाहेबांनी भिंग खणात टाकत विचारलं. मी घुटमळलो. ‘‘भाऊ म्हणून फी लागत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘हे पॅड घ्या आणि इतवारीला जाऊन या.’’

इतवारीतल्या त्या दुकानात पाऊल टाकलं की आधी हळद भेटते, मग धणे, मग माणूस. शेटजी गादीवर बसले होते. आम्ही दोघांनी एकमेकांच्या वकिलांची प्रकृती विचारली. मग मी पॅड पुढे केलं आणि म्हणालो, ‘‘शेटजी, बहुतेक माझ्याच हातून झालं. हा दोन आहे.’’ त्यांनी पॅड दाराच्या उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. ‘‘नाही जी. हा तर साफ तीन दिसून राहिला. तुम्ही तीसच ऐकलं. माझ्याच तोंडात पान असन त्या वक्ताला.’’ मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, तीन. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. मुनीमजी वही बाजूला ठेवून बघत राहिले. चार पानी उत्तरात जे मुद्दे ते मांडत होते ते आता मी मांडत होतो, आणि माझे मुद्दे त्यांनी माझ्यापेक्षा जोरात मांडले. चहा आला तेव्हा कुठे वाद थांबला, सुटला मात्र नाही.

चहाच्या दुसऱ्या घोटाला शेटजी म्हणाले, ‘‘पाडवा कधी आहे?’’ मार्चमध्येच होता; तारखा मला तोंडपाठ असतात, निदान दुसऱ्यांच्या. ‘‘मग नवीन वर्ष तर तवाच लागते आपलं. पाडव्याला वाटून टाकतो.’’ पहिले तीन महिने फाटून गेले, तेवढ्यांचे २१ हजार मी कापले. ते कापू नका म्हणत होते. उरलेले ४३ हजार त्यांनी मोजून दिले आणि वर रेवडीची पुडी ठेवली. संक्रांतीची राहिली होती म्हणाले. वकीलसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझं वकीलपत्र फाइलमधून काढून मला परत दिलं. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर आता बायको वाणसामानाची यादी करते.

यंदाच्या दिवाळीनंतर, फराळाचा डबा अजून घरात होता, तेव्हा फोन वाजला. इतवारीचा नंबर. मी हात वर करून मशीन बंद करवलं. ऑपरेटर दचकला, वीज गेल्याशिवाय ते मशीन दुपारी कधी थांबत नाही. एकाएकी शेजारच्या गल्लीतल्या सायकलची घंटीसुद्धा ऐकू येऊ लागली. मी उभा राहिलो. हात आपोआप गळ्याजवळ गेला आणि शर्टाचं वरचं बटण लावून खाली आला.

‘‘दोन हजार करा जी. वीसच्या आत.’’

‘‘वीस म्हणजे दोनावर शून्य?’’

‘‘दोनावर शून्य.’’

‘होऊन जाईल’ ओठांपर्यंत आलं होतं. ते गिळून मी म्हणालो, ‘‘मी करून देतो.’’

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नव्हता. मग शेटजी म्हणाले, ‘‘ऐकू आलं.’’